न बोललेल्या मिनिटांचे पैसे

आमच्या घरी टेलिफोन बोलण्यासाठी नव्हताच, तो पैसे वाचवण्यासाठी होता. बोलणं ही त्यातली एक अडचण, आणि ती शक्य तितक्या लवकर उरकायची असायची.

हे सगळं बाबांमुळे. माझे वडील एबरहार्ड पियोन्टेक, जर्मनीतल्या हेर्नेच्या कोळशाच्या खाणीत तेहतीस वर्षं इलेक्ट्रिशियन. खाण बंद पडली, बाबा घरी बसले आणि त्यांचं सगळं डोकं एका डबीत जाऊन बसलं. साबणाच्या डबीएवढी, करडी, फोन आणि भिंतीतला सॉकेट यांच्या मधे लावलेली. आमच्याकडे फोनच्या कंपन्या पन्नास. प्रत्येकीचा एक छोटा नंबर असतो. तो आधी फिरवला की तो कॉल तिच्या लाइनवरून, तिच्या दराने जातो. दर आठवड्याला बदलतात, सकाळ-संध्याकाळ बदलतात. कुठल्या तासाला कोण स्वस्त हे डबीला एकदा शिकवून ठेवलं की तुम्ही नुसता नंबर फिरवायचा, आधीचा छोटा नंबर ती गुपचूप स्वतः जोडते.

शिकवणं शनिवारी जेवण झाल्यावर. पेपरातलं दरांचं कोष्टक कापून टेबलावर, त्यावर भिंग, शेजारी चौकटीची वही. बाबा फोनची बटणं दाबत डबीला एकेक आकडा भरवायचे, दर आकड्याला ती टुं करायची. तेवढा तासभर घरात कुणी ब्र काढायचा नाही. आई बिचारी भांडी पाण्यात तशीच ठेवून बसायची, आवाज होऊ नये म्हणून. चुकून एखादी टुं हुकली तर पहिल्यापासून. इतकं करून महिन्याला वाचणार किती, तर चार-पाच युरो.

"बाबा, आता सगळे महिन्याचे ठरावीक पैसे भरतात आणि हवं तेवढं बोलतात," मी शंभरदा सांगितलं असेल.

"न बोललेल्या मिनिटांचे पैसे मी का देऊ?" हे त्यांचं उत्तर. पुढे ते वही उघडायचे, म्हणून मी तिथेच थांबायचे.

मी ट्राम चालवते, राहते बोखुमला, त्यांच्यापासून वीस मिनिटांवर. घरी पोचले की त्यांना दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंग म्हणजे उल्रिके सुखरूप पोचली. एक पैसा खर्च नाही. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, एक लग्न करून बसलेली, तरी दोन रिंग. आणि त्यांचा फोन माझ्याकडे आला की पडद्यावर 'अनोळखी नंबर', कारण त्या स्वस्त कंपन्या फोन करणाऱ्याचा नंबर पुढे पाठवतच नाहीत. कित्येक वर्षांत माझ्या आईबापाचा नंबर मी माझ्या फोनवर पाहिलेला नव्हता.

एप्रिलमध्ये डेटलेफ मला सोडून गेला. नवरा. चिठ्ठीसुद्धा नाही, कपाट अर्धं रिकामं. मी घरी फोन लावला आणि मला बोलताच येईना, नुसती हुंदके देत होते. फोन बाबांनी उचललेला. त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "उल्ली, ठेव तू फोन. तुझ्याकडून महाग पडतं. मी लावतो."

मी ठेवला. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय. मग तिथेच जमिनीवर फोन मांडीवर घेऊन बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्या दिवशी त्या तासाला जी कंपनी सगळ्यात स्वस्त होती तिच्या लाइनवर सगळ्या जर्मनीतले कंजूष एकदम तुटून पडलेले. बाबा लावत राहिले, लाइन एंगेज लागत राहिली, पण डबी बाजूला काढून सरळ लावावा हे काही त्यांना सुचलं नाही. पाऊण तासाने रिंग आली. तोवर मी तोंड धुतलं होतं. "काही नाही, बाबा, बरं वाटत नव्हतं जरा," म्हटलं. त्यांनाही ते बरंच वाटलं असणार, दोन मिनिटांत संपलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, काही नाही. जायचे, आईशी बोलायचे, यायचे. ते खोलीत आले की मी माझी पर्स उचलून निघायचे. निरोप असला तर आईमार्फत.

आईला आदल्या वर्षी झटका येऊन गेलेला. छोटा होता, पण डावा पाय तेव्हापासून फरफटायचा. म्हणून आम्ही तिला गळ्यातलं बटण घेतलं होतं. लाल, कोटाच्या गुंडीएवढं. दाबलं की पॅसेजमधलं यंत्र आपोआप मदत केंद्राला फोन लावतं, केंद्राला कळतं कुणाचं घर ते, आणि तिथला माणूस यंत्राच्या स्पीकरवरून मोठ्याने विचारतो, काय झालं? तुम्ही उत्तर द्या नाहीतर देऊ नका, ते माणूस पाठवतात.

ऑगस्टमधला तो रविवार. बाबा गच्चीवर, कबुतरांपाशी. शर्यतीची कबुतरं त्या दिवशी लांबून परत येणार होती, आणि एकेक येईल तशी त्याची वेळ नोंदवायची, म्हणजे दुपारभर खाली उतरायचं नाव नाही. आमच्या गल्लीत शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी कबुतरवाला आधी घड्याळ बघतो. शेजारी सुट्टीवर. आई स्वयंपाकघरात आलुबुखारचा केक भट्टीतून काढायला वाकली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं.

साडेबारा वाजता पडली. बाबा साडेचारला उतरले ते केक जळल्याचा वास वर आला म्हणून.

"बटण का नाही दाबलंस?" हॉस्पिटलमध्ये मी पहिलं हेच विचारलं.

आईने डोळे उघडले. आई कधी रागावत नाही, रागावली तर भांडी जोरात ठेवते, एवढंच. पण तेव्हा तिचे डोळे मला ओळखू येईनात.

"अकरा वेळा दाबलं," ती म्हणाली. "अकरा वेळा. दर वेळी एक बाई बोलायची. छान, गोड आवाज. 'या कॉलचा दर मिनिटाला शून्य पूर्णांक नऊ सेंट.' मी ओरडत होते, अहो बाई, मी पडलेय, माझा पाय! ती परत, शून्य पूर्णांक नऊ. आणि खट्."

मला समजायला एक क्षण लागला. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच महिन्यापासून नियम आला होता, स्वस्त कंपन्यांनी कॉल जोडण्याआधी दर सांगायचा. लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून. आणि आईच्या बटणाचा कॉलही बाबांच्या डबीने पकडला, कंपनीच्या लाइनवर घातला, दर सांगणारी रेकॉर्ड वाजली. यंत्राला वाटलं, केंद्राने फोन उचलला. त्याने त्या रेकॉर्डलाच आमचं नाव-गाव कळवलं, काम झालं समजून फोन ठेवून दिला. अकरा वेळा. केंद्रात एकदाही घंटा वाजली नाही.

मी हॉस्पिटलमधून तडक घरी गेले. चार महिन्यांत बाबांशी न बोललेलं सगळं तोंडात गोळा झालेलं. बाबा टेबलाशी बसले होते, समोर जळका केक तसाच ट्रेमध्ये.

"कुठाय ती डबी?" मी पॅसेजमध्येच सुरू केलं. "आज फोडते मी तिला! चार तास आई फरशीवर पडली होती, बाबा. चार तास! आणि तुमची ती सटवी तिला भाव सांगत होती!"

"ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत."

"ऐकू दे सगळ्या गल्लीला! शून्य पूर्णांक नऊ सेंट, एवढीच किंमत आईची तुमच्या लेखी!"

बाबा उठले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण उठला की अजून दार भरतं. कपाटातून वही काढून माझ्यापुढे आपटली. "वाच. शेवटचं पान वाच. मग बोल."

शेवटच्या पानावर मथळा, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: 'हात लावायचा नाही असे नंबर'. पोलीस. अग्निशमन आणि रुग्णवाहिका. आईच्या बटणाचं केंद्र. डबीला हे नंबर शिकवले की ती त्यांच्या वाटेला जात नाही, सरळ सोडते.

"ज्या दिवशी ते यंत्र आलं त्याच दिवशी भरलाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरला होता, पण रागाने. "दर शनिवारी, सगळ्यात आधी, हे तीन नंबर तपासतो. कोष्टक नंतर. तेहतीस वर्षं खाणीत तारा जोडल्या, माझ्या जोडणीने एक माणूस नाही मेला. आणि तू मला शिकवतेस?"

मी वही उचलून पॅसेजमध्ये गेले. यंत्र उलटं केलं. खाली स्टिकरवर केंद्राचा नंबर. वहीतला नंबर वेगळा होता.

"हा बदललाय," मी म्हटलं.

बाबा आले, भिंग लावून बघितलं. एकदा वही, एकदा स्टिकर. "कधी? कुणी बदलला? मला कुणी सांगितलं नाही! हरामखोरांनी मला सांगितलं नाही!"

आणि मला आठवलं.

मे महिना. बाबा कबुतरांच्या क्लबात. केंद्राचा माणूस आलेला, पोरगेलासा, अंगठ्या घातलेला. केंद्राचा नंबर बदलला म्हणून यंत्रात नवा भरून गेला. जाताना त्याची नजर डबीवर पडली. "हे काय? अजून वापरतं का कुणी?" हसला, आणि पिवळ्या चिठ्ठीवर नंबर लिहून माझ्या हातात दिला. "आज जातोय कॉल, पण ही मधे लुडबूड करणार कधीतरी. तुमच्या वडिलांना सांगा, हा नंबर हिच्यातून वगळायला. आजच सांगा."

मी चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली. सांगायचं म्हणजे त्यांच्याशी बोलायचं, आणि तेही डबीबद्दल. ते वही उघडणार, डबी कशी चालते ते समजावणार, आणि मी तिथे उभी राहून ऐकणार, त्या पाऊण तासानंतर? मेले तरी नाही. आईला सांगेन नंतर, म्हटलं. आणि विसरले.

"मला काय माहीत," मी बाबांना म्हणाले. वही ठेवली आणि निघून आले. घरी पोचल्यावर रिंग दिली नाही.

पुढचा आठवडा बाबांनी केंद्राशी लढाई लावली. पत्रं टाइप करून, पोचपावतीची. नवा नंबर त्यांनी त्याच संध्याकाळी डबीत भरला होता आणि त्यांच्या मते विषय संपला होता. डबीचा दोष नाही, त्यांचा नाही, केंद्राने कळवलं नाही, बस्स. डबी काढणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. "न केलेल्या चुकीची कबुली माझ्याकडून मिळणार नाही," असं त्यांनी आईला हॉस्पिटलमध्ये येऊन सांगितलं. द्राक्षं घेऊन आले होते.

आई म्हणाली, "मग मीही सांगते, एबरहार्ड. ती बाई त्या घरात आहे तोवर मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

"कुठली बाई? रोस्विटा, ती रेकॉर्ड आहे! आणि आता लागणार नाही, मी नंबर—"

"मागच्या वेळीही तू नीटच भरला होतास."

बाबा द्राक्षं ठेवून गेले. शुक्रवारी आईला सोडणार होते. घरी मदत मागायची खात्रीची सोय आहे का, डॉक्टरीण रोज विचारायची. सोय नसेल तर वृद्धाश्रमात खाट तयार होती, दोघींची खोली, खिडकी पार्किंगवर. एकदा तिथे गेलेलं आमच्या गल्लीतलं कुणी परत आलेलं नाही. आईलाही हे माहीत होतं, आणि तिला तिची खिडकी, तिची भट्टी, तो कबुतरांचा घुमणारा आवाजसुद्धा हवा होता.

"बघ ना किती हटवादी आहेत," मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करत म्हटलं. "त्या डबीपायी तुला आश्रमात घालतील."

"उल्ली, चिठ्ठी कुठाय?"

मी पांघरुणाची कड गादीखाली खोचायला लागले.

"मी तिथेच बसले होते खुर्चीत," आई म्हणाली. "त्याने तुला पिवळी चिठ्ठी दिली, तू पर्समध्ये टाकलीस. मला वाटलं, सांगेल. मग मी पण विसरले. फरशीवर पडल्यावर आठवली. त्या बाईने चौथ्यांदा भाव सांगितला तेव्हा."

"आई, मला—"

"गप्प बस. माझं होऊ दे. एप्रिलपासून मी तुम्हा दोघांचे निरोप इकडचे तिकडे करतेय. 'तिला सांग वाढदिवसाला ये.' 'त्यांना सांग माझी ड्यूटी आहे.' त्या डबीपेक्षा स्वस्त मी, फुकट! त्याला एका फोनचे पैसे वाचवायचे आणि तुला एका शब्दाचे. सारखेच आहात दोघं, एकाच कोळशाचे. आणि मधे कोण पडलं? मी!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. आईने आवाज कमी केला नाही. "आता हा निरोप मी नेणार नाही. तू जायचं, तू सांगायचं. नाहीतर मी डॉक्टरणीला सांगते, खाट द्या म्हणून."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मी तिला शुक्रवारपर्यंत वाट बघायला लावलं असतं तर तिने खरंच सांगितलं असतं, यात मला शंका नाही.

बाबा गच्चीवर होते, कबुतरांचं पाणी बदलत होते. मी पर्सच्या कप्प्यातून चिठ्ठी काढली. घड्या पडून मऊ झालेली. बरं, मी काही मान खाली घालून गेले नव्हते. मला अजूनही राग होता, आणि त्यात हे सांगायची वेळ त्यांनीच माझ्यावर आणली याचा जास्त.

"केंद्राला पत्रं लिहिणं बंद करा," मी म्हटलं. "त्यांनी कळवलं होतं. मे महिन्यात. मला."

बाबांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. हात पुसले, चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"मे," ते म्हणाले.

"मी तुमच्याशी बोलत नव्हते."

"का?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. चार महिने मी त्यांना शिक्षा करत होते आणि ती कशाची हे त्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं! माझ्या डोक्यात परत तिडीक गेली आणि मग मी सगळं सांगितलं, कबुतरांसमोर, घसा फाटेपर्यंत. डेटलेफ, अर्धं रिकामं कपाट, "ठेव तू फोन, महाग पडतं", जमिनीवर पाऊण तास. "मी रडत होते, बाबा! आणि तुम्ही दर बघत होतात!"

बाबांनी चिठ्ठीची घडी केली, उलगडली, परत केली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, "जा आता. पोचलीस की रिंग दे."

दोन रिंग! एवढं सगळं ऐकून वर दोन रिंग! जिना उतरताना मी शिव्या देत होते, गाडीतही देत होते.

घरी पोचले. कोट न काढता फोन उचलला, त्यांचा नंबर फिरवला, दोन रिंग दिल्या आणि दाणकन ठेवला. घ्या, पोचले सुखरूप.

लगेच माझा फोन वाजला. पडद्यावर नंबर होता. शून्य दोन तीन दोन तीन, आणि पुढे आमच्या घराचे आकडे, माझ्या शाळेच्या दप्तरावर आईने लिहून दिले होते तेच. डबी भिंतीतून उपटून काढल्याशिवाय तो नंबर तिथे दिसणं शक्य नव्हतं. संध्याकाळचे पाच वाजले होते, दिवसातली सगळ्यात महाग वेळ.

मी उचलला.

"चार तास!" बाबा गरजले. "चार तास पडली होती ती! तुझ्या पर्समध्ये होता नंबर, आणि तू पर्स घेऊन माझ्या समोरून जात होतीस! अगं, फेकायची होतीस चिठ्ठी माझ्या तोंडावर! बोलायचं नव्हतं ना, मग भिंतीला चिकटवायचीस! आणि नवरा सोडून गेला तर बापाला सांगायचं नाही? बरं वाटत नव्हतं म्हणे! खोटारडी! मी पाऊण तास लावत होतो, बोटं दुखली माझी! मूर्ख बाप आहे तुझा, उपटायची होती तेव्हाच ती डबी, पण तू, तू काय कमी मूर्ख?"

माझ्या बापाने मला जन्मात एवढं फोनवर ऐकवलं नव्हतं. दम लागला की थांबायचे, मला वाटायचं संपलं, की परत सुरू. आई शुक्रवारी घरी येतेय, तिला आत्ताच फोनवर सांगितलं, त्या बाईला हाकलली म्हणून, ती रडली, त्याचाही राग माझ्यावर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी कोट घालून पॅसेजमध्ये जमिनीवर बसले होते, त्याच जागी.

मधेच त्यांचा आवाज एकदम थांबला. मग विचारलं, "आहेस ना?"

"आहे, बाबा."

"मग ऐक," ते म्हणाले, आणि पहिल्यापासून परत सुरू झाले.